फिरकीचा तांब्या

"म्हशीच्या साक्षीवर मी दिवाणी दाव्याचा निकाल दिलाय," मी म्हणालो. "सांगायला माझी हरकत नाही, पण तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही."

जिल्हा कोर्टाच्या बाररूममध्ये दुपारची सुट्टी चालली होती. लोकअदालतीच्या पॅनेलवर मला बोलावलं होतं. निवृत्त न्यायाधीशांना असं अधूनमधून बोलावतात, बंद पडू नये म्हणून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतात तसं. सकाळभर दोन भावांमध्ये एका गोठ्याची वाटणी करून मी दमलो होतो आणि टेबलाच्या टोकाला चहा घेऊन बसलो होतो. भोवती नव्या सनदेची पोरंपोरी डबे उघडून जमली होती. खिडकीपाशी एक वयस्क वकीलबाई आमच्याकडे पाठ करून एकट्याच जेवत होत्या. बाकी खोली रिकामी होती. तरी मी जरा मोठ्यानंच बोलत होतो, सवय.

"मागच्या वेळी तुम्ही बिबट्याला समन्स बजावलं होतं, सर," तन्वी मुळीक म्हणाली. हुशार पोरगी, पण तोंडाला फाटक नाही.

"बजावलं नव्हतं. दाराला चिकटवलं होतं. तो घरी नव्हता."

"आणि म्हशीला शपथ कशी दिलीत?" दळवीनं विचारलं.

"शपथ माणसांना असते. म्हैस मुळात खोटं बोलत नाही, तिला कशाला? आता ऐकणार आहात की डबा खाणार आहात?"

दोन्ही करणार होते. मी सुरुवात केली.

तेव्हा मी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. न्यायखात्याची सगळ्यात खालची पायरी. वर वरिष्ठ स्तर, त्याच्या वर जिल्हा न्यायाधीश, आणि अगदी वर, ढगात, हायकोर्ट. सगळा जिना खालून स्वच्छ दिसत होता. शिरकोळ ही माझी पहिली नेमणूक. घाटाच्या पायथ्याचं तालुक्याचं गाव. कौलारू कोर्ट, मागं माझा बंगला, पुढं पिंपळाचा पार.

रुजू होण्याआधी जिल्हा न्यायाधीशांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला एकच उपदेश केला. "हुद्दार, गावात दोघांशीच ओळख ठेवायची. पोस्टमन आणि न्हावी. न्हाव्याशीही नुसती मान हलवायची, आणि तीही वस्तरा लांब असताना."

तो मी अक्षरशः पाळला. कुणाच्या लग्नाला गेलो नाही, बारशाला गेलो नाही. संध्याकाळी नदीपर्यंत फिरायला जायचो, तर पुलाच्या कठड्यावर गप्पा मारत बसलेली माणसं उठून उभी राहायची आणि मी लांब जाईपर्यंत गप्प असायची. मागून माझा शिपाई इस्माईल यायचा, तो पावलाचाही आवाज करायचा नाही. कुणाकडचा आंबा खाल्ला नाही, आणि गाव आंब्याचं. एप्रिल लागला की बंगल्याच्या कुंपणाशी कुणीतरी आंब्यांची पाटी ठेवून जायचं. परत कुणाला करायची ते कळायचं नाही, म्हणून ती मुद्देमालाच्या खोलीत जमा व्हायची. ती खोली कोर्टाला लागूनच. त्या वासानं एका उन्हाळ्यात दोन आरोपींनी आपणहून गुन्हा कबूल केला.

"सर," दळवी म्हणाला.

"तीन. तिसऱ्याची सुनावणी माझ्यासमोर नव्हती."

मी खिडकीकडं पाहिलं. तिकडून काही आवाज आला नाही.

त्या गावच्या बारमध्ये एक वकीलबाई होत्या. सगळ्या तालुक्यात एकच.

"नाव?" तन्वीनं विचारलं.

"नाव विचारू नकोस. हयात असल्या तर माझ्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावतील, आणि जिंकतील."

या बाईंना खोटं विधान सहन व्हायचं नाही. समोरच्या वकिलानं जरा कुठं फुगवून सांगितलं की त्यांचा उजवा हात गाऊन सावरायला खांद्याकडं जायचा, आणि मग त्या उठायच्या. आधी हात, मग बाई. "हरकत आहे, साहेब." एकदा तर दुसऱ्याच कुणाचा दावा चालला होता, या मागच्या बाकावर कागद लावत बसल्या होत्या, आणि साक्षीदारानं काहीतरी थाप मारल्याबरोबर उठल्या. कोळेकर म्हणून म्हातारे वकील होते तिथं, बारचे अध्यक्ष. ते म्हणाले, "बाई, या दाव्यात तुमचं वकीलपत्र कुठाय?"

"वकीलपत्र नाही," बाई म्हणाल्या. "पण तो खोटं बोलतोय."

मी गंभीर चेहऱ्यानं हरकत फेटाळली. त्या संध्याकाळी नदीवर इस्माईलनं मला विचारलं, "साहेब, बरं वाटत नाही का? एकटेच हसताय."

मला त्या बाईंना एकच गोष्ट विचारायची होती. तुम्हा सगळ्यांना कळली, चेहऱ्यांवर दिसतंय. ती भर कोर्टात विचारण्यासारखी नव्हती, आणि कोर्टाबाहेर मी त्यांच्याशी बोलू शकत नव्हतो. माझ्यासमोर काम चालवणाऱ्या वकिलाच्या घरी मी एक संध्याकाळ गेलो असतो, तर दुसऱ्या दिवशी पक्षकारांची त्यांच्या दारात रांग लागली असती, आणि बारच्या उरलेल्या वकिलांनी माझ्याविरुद्ध अर्ज केला असता. तोही बरोबरच असता.

त्यामुळं सगळ्या मुक्कामात आम्ही एकमेकांशी जे काही बोललो ते कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे. पुढची तारीख? एकोणीस. एकोणीसला मी नाही, साहेब. मग तुम्ही कधी आहात? हे एवढं शेवटचं वाक्य मी जरा सावकाश म्हणायचो.

"निकाल त्यांच्या बाजूनं जायचे का?" तन्वीनं विचारलं. आवाजात मघाची चेष्टा नव्हती.

"उलट. इतरांच्या अर्जावर मी एकदा विचार करायचो, त्यांच्या अर्जावर दोनदा. दुसऱ्या खेपेला काहीतरी चूक सापडायचीच."

"बिचाऱ्या."

"एकदा चिडून म्हणाल्या, साहेब, माझ्या अशिलांनी दुसरा वकील केला तर बरं पडेल त्यांना. मी तेही टिपून घेतलं."

आता म्हैस. तानूबाई गुरव नावाची विधवा होती. तिचं घर माळाला, आणि विहीर खाली ओढ्याकाठी. विहिरीत तिचा हिस्सा होता, वाद वाटेचा होता. ती वाट बंडा सरनाईकाच्या रानातून जायची. तिच्या सासूच्या सासूपासून जात होती म्हणे. बंडानं एके दिवशी तिथं काट्यांचं कुंपण घातलं आणि म्हणाला, वाट इथं कधी नव्हतीच. वर्षभर तानूबाई डोंगराला वळसा घालून पाणी आणत होती. तिच्यातर्फे आमच्या बाई, सरनाईकातर्फे कोळेकर. साक्षीदार झाले ते निम्मे म्हणाले वाट होती, निम्मे म्हणाले नव्हती, आणि दोन्ही बाजूंचे साक्षीदार एकाच बैलगाडीतून घरी गेले. शेवटी मी ठरवलं, जाऊन बघू.

एप्रिलातली दुपार होती. ऊन असं, की कोळेकर वकिलांची सावली त्यांना सोडून बाभळीखाली जाऊन बसली.

"हे मात्र लिहून घेऊ का?" दळवी.

"घे. पाण्याची कळशी आमचे बेंच क्लार्क चिवटे एसटीतच विसरले. हे मात्र खरंच झालं."

स्थळपाहणीला गेलेल्या न्यायाधीशानं कोणत्याही पक्षाच्या हातचं पाणी प्यायचं नसतं. सरनाईकानं ताकाची चरवी आणली, नको म्हटलं. तानूबाईनं पाणी आणलं, तेही डोंगराला वळसा घालून आणलेलं, नको म्हटलं. तिचं तोंड उतरलं. मी बांधावरून फिरतोय, चिवट्यांना मजकूर सांगतोय, आणि थोड्या वेळानं जीभ टाळूला अशी चिकटली की 'पूर्वेस' म्हणायचं तर 'पू' वरच थांबायला झालं.

बाईंच्या पिशवीत फिरकीचा तांब्या होता. पितळेचा, झाकणाला आटे असलेला, प्रवासात नेतात तसला. त्यांनी तो काढला, दोन्ही रानांच्या मधल्या बांधावरच्या दगडावर ठेवला, आणि भलतीकडंच बघत मोठ्यानं म्हणाल्या, "चिवटे, हा तांब्या कुणाचा आहे कुणास ठाऊक. माझा नाही."

"अहो बाई," कोळेकर म्हणाले, "सकाळी एसटीत तर तुमच्या मांडीवर होता."

"तो वेगळा."

त्या बाई खोटं बोलल्या. माझ्या माहितीत आयुष्यात एकदाच, आणि तेही माझ्या घशासाठी. तांब्या दगडावर चमकत होता. बाहेरून ओल आली होती. सगळे माझ्याकडं बघत होते, सरनाईक जरा जास्तच. मी म्हणालो, "बेवारस वस्तू पोलिसपाटलाच्या ताब्यात द्या."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण उशिरा. त्यांनी तांब्या उचलला, झाकण घट्ट पिळलं, आणि माझ्या जवळून जाताना फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "खुर्चीवरून उतराल त्या दिवशी देईन."

न्यायाधीशाशी असं बोलत नाहीत. मी ते टिपून घेतलं नाही.

मग मी हुकूम केला की तानूबाईची म्हैस सोडा. वर्षभर ती गोठ्यात बांधून होती, तिला पाणीही तिथंच मिळायचं. म्हैस सुटली. आधी माझ्याकडं बघितलं, मग कोळेकरांकडं. मग संथपणे निघाली, बरोबर त्या कुंपणापाशी आली, आणि थांबली. क्षणभर तिनं विचार केला, दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखा. मग मान खाली घातली, काटे पाडले, सरनाईकाच्या रानातून नाकासमोर चालत गेली, आणि विहिरीवरच्या गुरांच्या पाण्याच्या डोणीपाशी उभी राहून मागं वळून बघायला लागली, की ही माणसं अजून का येत नाहीत.

कोळेकर म्हणाले, "मला उलटतपासणी घ्यायची आहे."

मी म्हणालो, "घ्या."

ते डोणीपर्यंत गेले. म्हशीनं शेपटीनं उत्तर दिलं. परत आल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

पोरं हसत होती. मी पुन्हा एकदा खिडकीकडं पाहिलं. बाईंचा डबा संपला होता, पण झाकण अजून लागलं नव्हतं.

त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. तानूबाईच्या दाव्यात युक्तिवाद झाले होते, फक्त निकाल राहिला होता. मी न देता गेलो असतो तर नव्या साहेबांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं असतं, आणि तानूबाई आणखी किती उन्हाळे डोंगराला वळसे घालत राहिली असती कोण जाणे. म्हणून आधी निकाल, मग चार्ज, मग निघायचं.

फायली आवरताना चिवटे सहज बोलून गेले, "साहेब, गंमत बघा. इथला चार्ज दिला की तुम्ही आमचे साहेब नाही. आणि तिकडं रुजू होईपर्यंत तिकडचेही नाही. जॉइनिंग टाइम आहे तुम्हाला आठवडाभर. तेवढे दिवस तुम्ही साधे हुद्दार."

मी हातातली फाईल खाली ठेवली.

"म्हणजे," तन्वी हळू म्हणाली, "तेवढे दिवस तुम्ही कुणाचेच न्यायाधीश नाही."

"कुणाचाच नाही. कुणाच्याही दारात उभा राहिलो असतो. कुणाकडचाही आंबा खाल्ला असता."

मी सगळं जमवून आणलं. निकाल लिहिला. वाट होती, म्हणून आहे असं लिहिलं. यात मी दोनदा विचार केला नाही, म्हशीनं एकदा केला होता तेवढा पुरे होता. निकाल वाचून दाखवला तेव्हा तानूबाईला काही कळलं नाही. बाईंनी तिला कानात सांगितलं, तर ती जागच्या जागी मटकन बसली. बाई उभ्याच होत्या. खांद्याकडं हात गेला नव्हता. मी खाली फायलीत बघितलं आणि पुढच्या दाव्याचा पुकारा करायला सांगितलं.

संध्याकाळी बाररूममध्ये निरोप समारंभ. शाल, नारळ, सामोसा. वकिलांबरोबर चहा प्यायला न्यायाधीशाला तो एकच दिवस मिळतो. कोळेकर भाषणाला उठले. माणूस वाईट नव्हता, पण सकाळीच हरला होता. म्हणाले, "साहेब कडक, पण आज आमच्या वकीलबाईंना पावले. गाव म्हणतं, निकाल म्हशीनं दिला. मी म्हणतो, म्हशीला उगाच कशाला दोष द्यायचा? असो. अपिलात बघू."

हसू आलं आणि निम्म्यात थांबलं. कुणीतरी बशी ठेवली. बाई समोरच्या भिंतीकडं बघत होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आज निकाल दिला आणि उद्या मागणी घातली, तर परवा अपिलात पहिला मुद्दा तोच. वादीच्या वकिलाशी लग्न करायचं म्हणून न्यायाधीशानं निकाल फिरवला. मग म्हैस राहिली बाजूला, वाट राहिली बाजूला. तानूबाईच्या दारात पुन्हा काटे. आणि माझा जिना, तोही तिथंच संपला असता, खालच्या पायरीवर. कुठल्या गोष्टीची भीती जास्त वाटली ते आता सांगता येत नाही.

"मग?" दळवीचा घास हातातच होता.

"मग दुसऱ्या दिवशी चार्ज दिला आणि फाट्यावर जाऊन उभा राहिलो."

माझी ट्रंक, वळकटी, आणि मी. इस्माईल ट्रंक टपावर चढवायला हमाल बघायला गेला होता. एसटी घाटातून उतरताना लांबून दिसायची. वळणावर चमकायची, नाहीशी व्हायची, पुन्हा चमकायची. वेळ होता. आणि गावाकडून बाई चालत आल्या. काळा कोट नव्हता. त्यांना कोटाशिवाय मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पिस्त्याच्या रंगाचं सुती पातळ होतं, आणि चालून आल्यामुळं कपाळावर घाम. माझ्यापासून थोड्या अंतरावर, त्याच वडाच्या सावलीत थांबल्या. म्हणाल्या, "चार्ज दिलात?"

"दिला."

"मग आता तुम्ही कोण?"

"साधा हुद्दार."

"विचारलंत?" तन्वीनं विचारलं. कुणी काही चावत नव्हतं आता.

मी चहाचा घोट घेतला. थंड झाला होता.

"विचारलं," मी म्हणालो. "अगदी शब्द जुळवून विचारलं, आदल्या रात्रभर निकालासारखं घोकलेलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, हुद्दार, निकालाची शाई वाळली नाही अजून. मी हो म्हटलं तर अपिलात माझ्या तानूबाईची वाट जाईल. अशिलाची वाट मोडून मला माझी वाट करायची नाही. तुम्ही जा. असं म्हणाल्या. इतकं बरोबर बोलणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं? एसटी आली. मी चढलो. पुढं वरिष्ठ स्तर झालो, जिल्हा न्यायाधीश झालो, हायकोर्ट तेवढं ढगातच राहिलं. दर तीन वर्षांनी नवं गाव, नवा बंगला. प्रत्येक बंगल्यात सरकारी खुर्च्या सहा आणि बसणारा एक. पण मनात कधी राग धरला नाही. नाही म्हणाल्या, पण कारण सोन्यासारखं होतं."

तन्वीनं डोळ्यांना ओढणी लावली आणि जेवणात तिखट जास्त झाल्यासारखं केलं. बाहेर पट्टेवाल्यानं कुणाचं तरी नाव पुकारलं.

खिडकीपाशी डब्याचं झाकण टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. आधी हात खांद्याकडं जाणार, मग खुर्ची मागं सरकणार. खुर्ची सरकली.

"हरकत आहे."

पोरं वळली. मीही वळलो, सावकाश. बाई उभ्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या; खोलीत न्यायाधीशाचा मंच असता तर जिथं असता, तिथल्या भिंतीकडं बघत होत्या.

"बिबट्या सोडला," त्या म्हणाल्या. "आंबे सोडले. म्हैस तर मी डोळ्यांनी पाहिली. पण हे मी बोलले नाही. अपील झालंच नाही. सरनाईकानं त्याच पावसाळ्यात उरलेलं कुंपण स्वतः उचललं. आणि मी नाही म्हटलं नव्हतं. मला कुणी काही विचारलंच नाही."

माझ्या हातात कप होता. तो मी बशीत ठेवला. आवाज न होता ठेवायचा होता, तो झाला.

"मग त्या दिवशी फाट्यावर काय झालं, वकीलबाई?" मी विचारलं.

त्यांनी आता माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही पाणी मागितलंत," त्या म्हणाल्या. "सगळा तांब्या प्यालात, झाकण लावून माझ्या हातात दिलात, आणि गाडीत बसलात."